कोपऱ्यावरून परत नेलेलं ताट

मंदाताई,

काल दुपारी तू आली होतीस. कूलरची घरघर चालू होती, त्याच्या ओल्या खसाचा वास खोलीभर पसरला होता आणि मला धड झोपही लागत नव्हती, धड जागही येत नव्हती. एप्रिलमधली नागपूरची दुपार तुला ठाऊकच आहे. त्यात घड्याळ चालतं की थांबलंय तेही कळत नाही. तू खाटेच्या कडेला बसलीस. तीच हिरवी सुती साडी, पदर कमरेला खोचलेला. बोलली काहीच नाहीस. माझ्या पायांवरची चादर तेवढी सरळ केलीस आणि खिडकीकडे पाहत राहिलीस. मी विचारलं, "ताई, चहा टाकू?" आणि माझ्याच आवाजानं मला जाग आली.

मंगळवारी तुला माती देऊन आलो. आज शनिवार. या चार दिवसांत तू तीनदा आलीस आणि एकदाही तोंड उघडलं नाहीस. जिवंत होतीस तेव्हा मला बोलू द्यायची नाहीस, आणि आता मी वाट पाहतेय तर ही तुझी तऱ्हा.

उद्या उपासनेनंतर तुझी स्मरणसभा आहे. आपल्या चर्चच्या मंडळीत माणूस गेलं की त्याचा जीवनवृत्तांत वाचतात आणि तो लिहायचं काम माझ्याकडे येतं, कारण माझं अक्षर चांगलं आणि माझं लिहिलेलं कोणाला टोचत नाही. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मंडळीची सेवा, आजार, आणि शेवटी प्रभूमध्ये निद्रिस्त. मधल्या जागेत मी प्रत्येकाला मनमिळाऊ करून टाकते. गेलेलं माणूस जन्मभर भांडकुदळ असलं तरी माझ्या कागदावर ते सर्वांना हवंहवंसं होतं. तुझाही कागद मी बुधवारीच लिहिला. छान झालाय. तुला वाचून दाखवला असता तर तू विचारलं असतंस, "हे कोण बाई आहे वं?"

बुधवारीच विमलबाई येऊन गेल्या. मंडळीच्या सेक्रेटरीसाहेबांच्या पत्नी म्हणून नाही, मैत्रीण म्हणून आल्या. खिचडी आणि कढीचा डबा आणला, मला समोर बसवून जेवू घातलं, माझ्या डोक्याला तेल लावून दिलं. किती दिवसांत कोणी माझ्या केसांत हात घातला नव्हता. मी रडले, त्याही रडल्या. निघताना दारात चप्पल घालता घालता म्हणाल्या, "सुशीला, ते नलिनीचं काही घेऊ नको वं कागदात. मंदाताई तं आता प्रभूच्या घरी आहे. मंडळीत पुन्हा जुनं काहून उकरायचं?" मी लगेच "हो" म्हटलं. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच म्हटलं. माणसांना "हो" म्हणायची मला जन्मजात घाई आहे.

तुला ते माहीतच होतं. म्हणून तर चारचौघांत मी तुला "अहो ताई, तुम्ही" म्हणायचे आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आलं की "तू". थोरल्या जावेला अरेतुरे करते म्हणून कोणी नाव ठेवू नये, एवढ्यासाठी. तू हसायचीस. म्हणायचीस, "उंबऱ्याबाहेर मी काय वेगळी होतो काय वं?"

नलिनीचं कागदात नाही घेतलं, तर मग तुझं घ्यायचं तरी काय, तेच मला कळेना झालंय.

ती आली तेव्हा मार्च चालू होता. भाऊजी जाऊन दोन वर्षं झाली होती, तू नंदनवनच्या घरात एकटी होतीस. नलिनी म्हणजे विमलबाईंच्या धाकट्या दिराची बायको. एक पिशवी, सुजलेला डोळा, आणि अंगावरच्या साडीनिशी तुझ्या दारात उभी. नवरा हात उचलतो हे आपल्या सगळ्यांनाच माहीत होतं. महिला मंडळात आपण त्यासाठी प्रार्थनाही केली होती, नाव न घेता. तू तिला आत घेतलंस. पुढच्याच आठवड्यात मंडळीची कमिटी बसली आणि ठरलं की नलिनीनं घरी परत जावं, जात नाही तोवर तिला उपासनेतलं प्रभुभोजन, भाकर आणि प्याला, मिळणार नाही. तुला कोणी काढलं नाही, कोणी टाकलं नाही. फक्त सेक्रेटरीसाहेब दारातच थांबून तुला बोलले, "बाई, तुम्ही एका ख्रिस्ती माणसाचं घर मोडून राहिल्या." आत येऊन पाणी प्यायलाही तयार नव्हते.

एप्रिलमध्ये तुझ्या भिवापूरच्या दादाकडून नेहमीसारखं मिरच्यांचं पोतं आलं. आपण दोघी तुझ्या गच्चीत जुन्या चादरीवर बसून देठ खुडत होतो. सकाळचं ऊन अजून कोवळं होतं, सगळी गच्ची लाल दिसत होती आणि दोघींनाही शिंका येत होत्या. ती सकाळ मला अजून स्वप्नात दिसते, पण स्वप्नात आपण भांडत नाही.

खरं तर त्या दिवशी मी भांडायलाच आले होते. तू सगळ्यांना सांगत होतीस की तू प्रार्थना केलीस आणि देवाची इच्छा तुला कळली. मला त्याचा भयंकर राग आला होता.

"देवानं सांगितलं म्हणतेस. कानात येऊन सांगितलं काय?"

"नाही वं. कानात कशाचं."

"मग तुझा हट्ट कोणता आणि देवाची इच्छा कोणती, हे तुले कसं कळलं?"

तू हातातली मिरची खाली ठेवलीस. "हे पाय सुशे, मले ते पोरगी आवडत नाही."

मी तुझ्याकडे पाहतच राहिले.

"खरं सांगून राहिली. बोलते तं बोलतच राहते. माह्या लोणच्याची बरणी अर्धी केली तिनं. पहाटे उठून नळ सोडते आन् भांडे घासते धडाधडा. तीन आठवडे मी देवाले म्हणून राहिली, इले दुसऱ्या कोणाकडे पाठव. माहा हट्ट असता तं मी तिले पहिल्याच दिवशी ऑटोत बसवून देल्ली असती. पण प्रार्थनेले बसली का तिचा तो डोळाच दिसे. जे मले करायचं नव्हतं तेच तो सांगून राहिला. म्हणून समजलं."

"आणि सगळी मंडळी चुकली? पाळकसाहेब, कमिटी, सगळे? तू एकटीच शहाणी?"

"ते मले नाही माहीत."

"लोक काय म्हणून राहिले ते तरी माहीत आहे काय तुले?"

"माहीत आहे नं. मलेही लागते वं. मी काय दगड आहो काय?" आणि तू रडलीस. समोर एवढ्या मिरच्या होत्या, पण तू त्यांचं निमित्त केलं नाहीस. उघड रडलीस, मग नाक पुसलंस आणि पुन्हा देठ खुडायला लागलीस.

तेव्हा मला एक गोष्ट आठवायला हवी होती. लग्न करून आमच्या ख्रिस्ती घरात आलीस तेव्हा तुझ्या माहेरच्यांनी पाच वर्षं तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. मग एका एप्रिलमध्ये दादानं काही न बोलता पहिलं पोतं पाठवलं. एकदा माहेर गेलं, आता मंडळी जात होती, आणि दोन्ही वेळा तुला ते मनापासून लागलं होतं. पण मी त्या दिवशी जिंकायला बसले होते. माझा प्रश्न मला अजूनही बरोबरच वाटतो, ताई. देवाच्या नावावर माणसं काय काय खपवतात हे आपण दोघींनी पाहिलंय. फक्त मला त्याचं उत्तर नको होतं. मला तू गप्प बसायला हवी होतीस, म्हणजे विमलबाई माझ्याशी पूर्वीसारख्या बोलल्या असत्या.

त्यानंतर महिला मंडळात तुझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. प्रार्थनेच्या यादीतून तुझं नाव कोणी खोडलं नाही, नुसतं पुकारायचं विसरायला लागले. मी तुझ्या मागच्या रांगेत बसायचे. धड शेजारीही नाही, धड लांबही नाही.

मग नाताळ आला. आपल्यात नाताळच्या सकाळी घरोघर फराळाची ताटं फिरतात. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, वर विणलेला रुमाल. मी तुझं ताट सगळ्यांत आधी भरलं. करंज्यांची मुरड जास्त नीट घातली होती, कारण तू नेहमी नावं ठेवायचीस. आमच्या हुडकेश्वरहून ऑटो केला आणि मांडीवर ताट सांभाळत आले. तुझ्या गल्लीच्या कोपऱ्यावर उतरले. उतरले आणि विमलबाईंची पांढरी स्कूटी दिसली. तुझ्या शेजारच्या घरासमोर उभी होती. त्यांच्याकडे ताट द्यायला आल्या असणार.

मी किती वेळ तिथं उभी होते कोण जाणे. ताट जड लागायला लागलं. तुझ्या घराची कमान दिसत होती, तीस पावलंही नसतील. ऑटोवाला पैसे घेऊन गाडी वळवत होता, मी त्याला हात केला आणि परत आत बसले. तो म्हणाला, "काय झालं बाई, घर नाही भेटलं काय?" मी म्हटलं, "कुलूप आहे."

घरी आमच्या ह्यांनी विचारलं, "दिलं काय वहिनीला?" मी "हो" म्हटलं आणि ताट पिठाच्या डब्यामागे ठेवून दिलं.

त्या संध्याकाळी तू आलीस. दोन ऑटो बदलून, अंगावर शाल, हातात ताट. मी दार उघडलं तर "नाताळाच्या शुभेच्छा वं" म्हणून हसलीस. आता आपल्यात ताट रिकामं परत द्यायची पद्धत नाही. घरातला बाकीचा सगळा फराळ वाटून संपला होता. मी आत गेले, पिठाच्या डब्यामागून ताट काढलं आणि त्यातल्या करंज्या तुझ्या ताटात ठेवल्या. तेवढ्यात बाहेरून ह्यांचा आवाज आला, "अहो वहिनी, सकाळी तर सुशीला तुमच्याकडे देऊन आली. तुम्ही आणखी थंडीत काहून त्रास घेतला?"

मी स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. 

आणि तुझा आवाज आला, "हाव, आली होती नं."

मी ताट घेऊन बाहेर आले. माझ्याकडे तू पाहिलंही नाहीस. एक करंजी उचलून तिथंच खाल्लीस आणि म्हणालीस, "खोबरं छान भाजलं."

सात वर्षं मी असं समजत आले की तू आयुष्यात एकच खोटं बोललीस आणि ते माझ्यासाठी. तू मला वाचवलंस, आणि मी त्यावर एक शब्द काढला नाही. तूही नाही. वर्षभरानं नलिनीला भंडाऱ्याला नोकरी लागली, ती गेली. मंडळी हळूहळू निवळली. तुझ्या शेजारची खुर्ची भरली, ताटं यायला लागली. क्षमा कोणी मागितली नाही, मीही नाही. दर बुधवारी तुझ्याकडे येऊन मेथी निवडायचे, तू कोणाच्या तरी सुनेची नक्कल करायचीस, आपण हसायचो, आणि ती गोष्ट माझ्या पोटात तशीच.

मंगळवारी कबरस्थानात नलिनी आली होती. केस पिकलेत तिचे. कडुलिंबाखाली एकटी उभी होती. कोणी तिच्याजवळ गेलं नाही, मग तीच माझ्याकडे आली. अजूनही बोलते तर बोलतच राहते, तू बरोबर सांगितलं होतंस. म्हणाली, "काकू, मंदामावशी तुमच्यावर लय जीव लावायच्या. त्या नाताळात मी तुमच्यावर किती चिडली होती, माहीत आहे काय?" मी विचारलं, कोणत्या नाताळात.

तिनं सांगितलं ते असं: तुम्ही दोघी त्या सकाळी गच्चीत नाताळची कागदी चांदणी बांधत होतात. तुम्ही मला ऑटोतून उतरताना पाहिलं. नलिनी म्हणाली होती, "काकू आल्या, मी चहा टाकते." मग मी उभी राहिले. मग मी परत बसले. तुम्ही दोघींनी सगळं पाहिलं. नलिनी माझ्याबद्दल वाट्टेल ते बोलली, आणि तू तिला म्हणालीस, "कोपऱ्यापर्यंत आली नं वं ते. तिच्यासाठी तेवढंही लय होतं. तू टाक चहा, आपण पिऊ." त्यानंतर दुपारभर तू त्या चांदणीजवळ बसून राहिलीस. ऊन कलल्यावर उठलीस आणि म्हणालीस, "चाल, ताट भर. सुशीकडे जाऊन येतो."

ताई, तुझ्या पेटीवर माती पडत होती आणि मला तुझा राग आला. एवढा राग मला तुझा कधीच आला नव्हता. तू पाहिलं होतंस. सात वर्षं तुला माहीत होतं. ओरडली का नाहीस? दार माझ्या तोंडावर आपटलं का नाहीस? एक सणसणीत वाक्य बोलली असतीस तर मी त्याच दिवशी तुझे पाय धरले असते आणि मोकळी झाले असते. मला तुझ्यासमोर मेथी निवडत बसवलंस. ही दया होती की तुझाही थोडा ताठा होता? यावर आपलं अजून भांडण व्हायचंय. ते आता कसं करायचं, तेवढं सांग.

आणि मग रात्री घरी आल्यावर ते दोन ऑटो आठवले. डिसेंबरची थंडी, गुडघ्यांचं दुखणं, मांडीवर ताट. जी तुझ्या दारातून परत गेली तिच्या दारी तू आलीस. असं माझ्यासाठी कोणी कधी केलं नाही.

*

इथवर काल लिहिलं होतं. आज रविवार, दुपारचे तीन वाजलेत, सभा झाली.

मी तोच छान कागद घेऊन माइकसमोर उभी राहिले. विमलबाई दुसऱ्या रांगेत होत्या. त्या माझ्याकडे पाहून हसल्या, धीर द्यावा तशा. ताई, त्या कठोर चेहऱ्यानं बसल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. ज्या हातांनी माझ्या डोक्याला तेल लावलं ते मांडीवर जोडलेले होते. मला माणसांच्या भुवया वाचता येतात. सगळ्या मंडळीच्या भुवया आज माझ्यावर माया करत होत्या.

जन्म वाचला. बाप्तिस्मा वाचला. लग्न वाचलं. मग कागद खाली ठेवला. मी टेबल धरलं.

मी म्हणाले, "ज्या वर्षी नलिनी मंदाताईंच्या घरी राहिली, त्या वर्षी नाताळात आपल्यापैकी कोणाचंच ताट त्यांच्या घरी गेलं नाही. माझं कोपऱ्यापर्यंत गेलं आणि परत आलं. मला कोणीतरी पाहील अशी भीती वाटली. नलिनीला घरात घेणं बरोबर होतं. मला ते तेव्हाही माहीत होतं."

एवढंच. आणखी सुचलं नाही. खाली येऊन बसले.  कोणी "आमेन" म्हटलं नाही. पाळकसाहेबांनी घसा साफ केला आणि गीताचा क्रमांक सांगितला.

बाहेर चहाच्या टेबलाजवळ बायका बाजूला झाल्या, जराशाच. विमलबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. रागावल्या नव्हत्या, डोळे भरले होते. म्हणाल्या, "हे आज बोलायची काय गरज होती, सुशीला? मी तुह्यासाठी काय नाही केलं?"  त्या निघून गेल्या. ऑटोत हे बाहेर पाहत बसले होते. हुडकेश्वर आल्यावर तेवढं म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी तू ताट दिलंच नव्हतं?"

घरी येऊन मी कूलर लावला आणि खाटेवर पडले, तुझी वाट पाहत. आज तू बोलशीलच अशी माझी खात्री होती. डोळे मिटले. खसाचा वास आला, बाहेर कोणीतरी पाणी भरत होतं, कोणाच्या तरी चपला जिन्यावर वाजल्या. मी पडून राहिले. मला तुझ्याकडून एकच वाक्य ऐकायचं होतं. "बरं केलं वं सुशे." एवढंच.

तू आली नाहीस.

आणि पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा तेच करतेय. दुसऱ्या रांगेतल्या भुवयांवरून नजर काढली ती तुझ्या भुवयांवर नेऊन ठेवली. तिथं माइकसमोरसुद्धा अर्धं बोलणं तुला ऐकू जावं म्हणून होतं. एकदा मंडळात मी फार सुंदर प्रार्थना केली होती आणि डोळे उघडल्याबरोबर तुझ्याकडे पाहिलं होतं. घरी जाताना तुला विचारलंही, कशी झाली. तू म्हणालीस, "मले काहून विचारून राहिली? माह्यासाठी करत होती काय?" मी दोन दिवस फुगून बसले होते.

क्षमासुद्धा मी तुझ्याकडेच मागत बसलेय, दोन दिवस, एवढे कागद भरून. तू असतीस तर हे सगळं पुरतं ऐकूनही घेतलं नसतंस. मध्येच तोडलं असतंस.

म्हणून ताई, तुझ्याशी बोलणं इथं थांबवते. रागानं नाही. तुझी आठवण येतेच आहे, उद्याही येईल, बुधवारी तर फारच येईल.

देवा, मी सुशीला बोलते आहे. मी जन्मभर माणसांना भीत आले. मंदाताईलाही भ्याले. आज जे केलं ते तुझ्यासाठी किती आणि तिच्यासाठी किती, ते मला वेगळं काढता येत नाही, तूच काढ. आणि उद्या विमलबाईंच्या दारी जायचं की नाही, ते सांग.

माझ्या तर मुळीच मनात नाही.